खाडीत वेक एक शनिवार आड का बिघडते?

बेलापूर, नेरुळ, ऐरोली, ठाणे, कुठलाही गट घ्या. वेकबोर्डिंगसाठी, म्हणजे बोटीमागे दोरी धरून पाण्यावर बोर्ड चालवण्यासाठी, स्वतःची बोट ठेवणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. ती वेकची, म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या लाटेची. मागच्या शनिवारी वेक सुंदर होती, टणक, वरची कड स्वच्छ, उडी मारली की बोर्ड नेमका सुटायचा. या शनिवारी तीच बोट, तीच माणसं, तेवढंच वजन, आणि बोटीमागे नुसता फेस. मग कुणीतरी ठरवतं की वजन कमी पडतंय आणि मागे वाळूच्या दोन गोण्या चढतात. पुढच्या शनिवारी वेक पुन्हा छान उठते, गोण्यांनी काम केलं असं सगळ्यांना वाटतं. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा फेस, पुन्हा दोन गोण्या. असं करत करत बोटीची पिछाडी पाण्याला टेकायला येते आणि वेक होती तिथेच राहते.

बिघाड आठवड्याआड येत-जात असेल तर बोटीआधी कॅलेंडर बघा. तिथी बघा.

आपल्या किनाऱ्यावर भरतीचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती मुंबई बंदराच्या तक्त्यापेक्षा उशिरा पोचते, त्यामुळे हा हिशेब अंदाजापुरता धरा आणि नेमक्या वेळेसाठी तक्ता बघा. पण अंदाजातूनच सगळा घोळ उलगडतो. तुम्ही दर शनिवारी सकाळी सातला बोट काढता. एका शनिवारी अष्टमी-नवमी असते: खाडी भरलेली, पाणी जवळजवळ थांबलेलं, वर भांगाचे दिवस, म्हणजे प्रवाह मुळातच मंद. बरोबर आठवड्याने पौर्णिमा किंवा अमावास्या येते. भरती दुपारी बाराची, म्हणजे ओहोटी सहाची. सातला तुम्ही पाण्यात उतरता तेव्हा खाडी उथळ असते, उधाणाचं पाणी आत घुसायला लागलेलं असतं आणि पुढचे दोनेक तास त्याचा जोर वाढतच जातो. घड्याळात वेळ तीच, पण खाडी वेगळी.

याचा वेकवर परिणाम दोन वाटांनी होतो. त्यातली पहिली वाट जवळजवळ कुणाच्याच लक्षात येत नाही.

वेग कुठला मोजताय?

बहुतेक जण मोबाइलवरच्या जीपीएसवर वेग बघतात. जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग सांगतो. वेक उठते ती बोट पाण्यातून किती वेगाने जाते त्यावर. तलावात दोन्ही एकच, खाडीत नाही. समजा प्रवाह दोन नॉटचा आहे, म्हणजे ताशी ३.७ किलोमीटर. तुम्ही जीपीएसवर ३४ धरून चाललात. पाण्याबरोबर जाताना बोटीचा पाण्यातला वेग ३० च्या आसपास पडतो, पाण्याविरुद्ध येताना ३८ च्या जवळ जातो. वेकबोर्डिंगची सगळी गंमत साधारण ३० ते ३८ च्या दरम्यान चालते. नवशिके खालच्या टोकाला, उड्या मारणारे वरच्या. म्हणजे एकाच फेरीत तुम्ही एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाता आणि मोबाइलवर आकडा तोच दिसत राहतो. जाताना वेक रुंद, मऊ आणि माथ्यावर फेसाळलेली. येताना छोटी, कडक आणि अरुंद. बोर्डवरचा रायडर म्हणतो, "जाताना वेकच नाही." गट वजन हलवायला लागतो. वजनाचा यात काहीच दोष नसतो.

करंजाच्या बाजूला एका वयस्क तांडेलाने एका पोराला हेच एका वाक्यात सांगितलं होतं. पोरगा आकड्याकडे बोट दाखवून सांगत होता, काका, वेग तर तोच आहे. तांडेल म्हणाला, "पाणी पण चाललंय ना रे, त्याचा वेग कोण धरणार?"

तपासायची रीत: रायडरला न ओढता, नेहमीच्या वजनासह, इंजिनाचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, एका आकड्यावर धरा आणि तोच पट्टा जाऊन-येऊन करा. जाताना जीपीएस ३६ दाखवत असेल आणि येताना ३०, तर प्रवाह ३ चा आणि बोटीचा पाण्यातला खरा वेग ३३. फरकाच्या निम्मा प्रवाह, बेरजेच्या निम्मा खरा वेग. पुढे दिवसभर आरपीएम धरून चालवा, जीपीएस धरून नाही. आरपीएमही वजनाप्रमाणे थोडे बदलतात, रायडरने जोरात काप घेतला, म्हणजे बोर्डची कड दाबून तो बाजूला ओढत गेला, की इंजिन किंचित दबतं, पण खाडीत तो आकडा जीपीएसपेक्षा कितीतरी भरवशाचा.

दुसरी वाट खोलीची. बोट पाणी खाली आणि बाजूला ढकलते, तो खड्डा मागे भरून येताना पाणी वर उसळतं आणि वेक उभी राहते. तळ जवळ असेल तर पाण्याला हे सगळं करायला जागाच मिळत नाही. उथळ पाण्यात लाटेच्या वेगालाही खोलीची मर्यादा असते: २ मीटर खोलीत लाट ताशी १६ किलोमीटरच्या पुढे पळू शकत नाही, ८ मीटरमध्ये ३२ च्या आसपास. वेकबोर्डची बोट यापेक्षा पुढे पळत असल्याने तीच वजनं, तोच वेग असूनही उथळ आणि खोल पाण्यात वेकचा आकार वेगळा येतो. आपल्या खाड्या गाळाने भरत आल्या आहेत. बेलापूर आणि उलव्याच्या मधली पनवेल खाडी भरतीला भरपूर रुंद दिसते, पण चालण्याजोगं खोल पाणी मधल्या पट्ट्यातच असतं, आणि ओहोटीला तर दोन्ही बाजूंनी चिखल उघडा पडतो. बोटीवर साधा फिशफाइंडर असेल तर तो लावून चांगल्या दिवशी आणि वाईट दिवशी खोली टिपून ठेवा. खालून गाळ उठत असेल तर वेक जाऊ दे, इंजिनाची काळजी करा: आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीमागे लटकवलेल्या इंजिनाच्या, मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की ताबडतोब थांबायचं.

म्हणून माझं स्पष्ट मत: वार धरून जाऊ नका, तिथी धरून जा. अष्टमी ते एकादशीच्या सकाळी खाडी भरलेली असते, प्रवाह हलका असतो, आणि पश्चिमेचा वारा अजून उठलेला नसतो. भरतीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास, एवढ्यात सगळं उरकायचं. नोकरीमुळे शनिवार-रविवारच जमत असेल तर उधाणाच्या आठवड्यात सातऐवजी अकराला या. ऊन लागेल, वाराही थोडा असेल, पण पायाखाली पाणी असेल.

आता वजन

पाणी थांबलेलं आणि खोल असतानाही वेक बिघडत असेल, तर मग बोटीकडे वळा. आणि वळताना पहिली गोष्ट, असलेलं सगळं वजन उतरवा. गोण्या, जास्तीचा नांगर, बर्फाची पेटी, सगळं. बोट रिकामी कशी बसते हे माहीत नसताना वजन लावणं म्हणजे अंधारात हात मारणं.

धक्क्याला पाणी शांत असताना मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर, बोटीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. बोटीत कुणी नको, असेल तर बरोबर मध्ये बसू दे. डाव्या-उजव्या अंतरात दोन सेंटिमीटरचा फरकही वेकमध्ये दिसतो. बॅटरी, पेट्रोलची टाकी, चालकाची सीट, सगळं एका बाजूला असलेल्या बोटी आपल्याकडे कमी नाहीत. हे अंतर नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, दोन्ही बाजूंनीही घ्या, आणि चारही आकडे बोटीतच कुठेतरी मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी काही बदललं का, हे या चार आकड्यांवरूनच कळेल.

वजनासाठी खास पिशव्या मिळतात, चांगल्याही असतात. पण जागा शोधण्यासाठी, म्हणजे कुठे किती लागतं हे ठरवण्यासाठी, आपल्या घरोघरी येणारे २० लिटरचे पाण्याचे जार सगळ्यात उपयोगी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे एक जार वीस किलो, तराजू नको. घट्ट झाकणाचे घ्या, काठोकाठ भरा, आणि पट्ट्याने बांधा. अर्धवट भरलेली पिशवी किंवा जार कधीच नको. बोट जरा कलली की आतलं पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. पेट्रोलच्या टाकीचंही तेच, अर्धी टाकी हलत राहते. हिशेबात तिचंही वजन धरा: १०० लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास ७४ किलो, एक माणूसच. सकाळी भरलेली टाकी दुपारपर्यंत निम्मी झाली तर मागचं तेवढं वजन कमी झालेलं असतं, आणि सकाळी जमलेली वेक दुपारी सैल का पडली याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

वाळू आणि शिशाबद्दल मात्र ठाम सांगतो, नको. पाण्याने भरलेली पिशवी बोटीत पाणी शिरलं तर बोटीला खाली ओढत नाही, कारण पाण्यात पाण्याचं वजन उरत नाही. वाळू ओढते, शिसं तर सरळ तळाशी नेतं. शिवाय गोणी फाटली की वाळू बिल्ज पंपात, म्हणजे बोटीत साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपात, जाते आणि ज्या क्षणी पंप हवा असतो त्या क्षणी तो बंद असतो.

किती वजन, हे वेकवरून नाही, बोटीच्या क्षमतेवरून ठरवायचं. क्षमतेची पाटी किंवा नोंदणीचे कागद काढा. समजा माणसं आणि सामान मिळून ७५० किलोची मर्यादा आहे. पाच माणसं ३५०, पेट्रोल ७४, बोर्ड, जॅकेट आणि बाकीचं ४० धरा. उरले २८६. म्हणजे चौदा जार, पंधरावा नाही. एक माणूस वाढला की साडेतीन जार उतरले. आणि ही मर्यादा शांत पाण्यातली समजा.

कुठे किती

सुरुवात साठ-चाळीसने करा: वजनाचा साठ टक्के भाग मागे, चाळीस पुढे. आउटबोर्ड बोटीत इंजिन मागेच लटकलेलं असतं, तिथे मी अर्धं-अर्धंच करून सुरुवात करतो, कारण अशा बोटीची पिछाडी आधीच बसलेली असते. मागे वजन वाढलं की वेक उंच आणि उभी होते, रायडरला वर फेकते, पण माथा लवकर फुटतो. पुढे वाढवलं की वेक लांब, सावकाश चढणारी आणि स्वच्छ होते, उंची थोडी जाते. सगळ्यांचा हात मागे जातो, कारण उंची डोळ्यांना दिसते. पण माथ्यावर फेस असेल तर आधी नाळेकडे दोन जार न्या. दहातल्या सात-आठ वेळा वेक तिथेच सुधारते, एक किलोही न वाढवता.

एकच बाजू फेसाळत असेल तर वजन फेसाळणाऱ्या बाजूला सरकवा. हे उलटं वाटतं, पण जी बाजू खाली बसते तिची कड साफ येते आणि उचललेली बाजू विस्कटते. एका वेळी एकच जार हलवा: इकडचे वीस गेले आणि तिकडे वीस आले, म्हणजे फरक चाळीस किलोचा पडतो. धक्क्याला सरळ बसणारी बोट धावताना कलू शकते, तेही लक्षात ठेवा. इंजिनाचा पंखा मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर त्याच्या उलट्या झटक्याने बोट डावीकडे कलायला बघते. चालक उजवीकडे बसल्याने ते बरंचसं भरून निघतं. चालक बारीक अंगाचा असेल आणि बघायला आलेली चार माणसं डाव्या बाकावर दाटीवाटीने बसली असतील, तर तुमचे सगळे जार व्यर्थ. माणसांच्या जागा ठरवून द्या आणि रायडर पाण्यात असेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा नियम पाळा. खरं सांगायचं तर छोट्या बोटीत माणसं हाच सगळ्यात मोठा बॅलास्ट, म्हणजे वेकसाठी लादलेलं वजन, आणि तोच सगळ्यात चंचल.

वेक पारखताना रायडर मधोमध सरळ उभा असू दे. तो काप घेत असतो तेव्हा दोरी टॉवरला, म्हणजे ती जिथे बांधतात त्या बोटीवरच्या उंच सांगाड्याला, बाजूला ओढते, बोट कलते आणि वेक खोटी दिसते. मागच्या बाकावरून मोबाइलवर चित्रफीत काढा, दोन्ही बाजू एकाच चौकटीत येतील अशी. बदल एका वेळी एकच: एकतर वजन, नाहीतर वेग, नाहीतर ट्रिम, नाहीतर दोरी.

दोरीचं थोडक्यात. साधारण १८ ते २३ मीटरच्या दरम्यान लोक चालवतात. वेक बोटीपासून लांब जाईल तशी पसरत आणि मोडत जाते. मोडलेल्या भागात रायडर उभा असेल तर दीड-दोन मीटर दोरी कमी करून बघा, दोन जारांचा त्रास वाचेल. इंजिनाचं ट्रिम, म्हणजे त्याचा तिरकेपणा, आधी पूर्ण आत घ्या, मग थोडं थोडं बाहेर. ट्रिम-टॅब, म्हणजे पिछाडीला खाली-वर होणाऱ्या पट्ट्या, असतील तर वेकबोर्डिंगच्या वेळी वर ठेवा, ते खाली केले की पिछाडी उचलली जाते आणि वेक बसते.

बोट उठत नाही, इंजिन ओरडतं

वजन लावल्यावर बोट पाण्यावर यायला वेळ घेत असेल, नाळ आकाशाकडे आणि चालकाला पुढचं काही दिसत नसेल, तर पंख्याकडे बघा. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या पट्ट्यात यायला हवेत, बऱ्याच फोर-स्ट्रोक आउटबोर्डना तो ५००० ते ६००० च्या आसपास असतो. वजनासह तुमचं इंजिन ४६०० वरच अडत असेल तर ते दमतंय. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितकं पुढे सरकायला बघतो ते अंतर, एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. वरचा वेग जाईल, पण वेकबोर्डिंगला वरचा वेग लागतच नाही. हा खर्च गोण्यांपेक्षा शहाणपणाचा. फक्त वजन उतरवून रिकामी बोट पळवताना त्याच पंख्यावर इंजिन मर्यादेबाहेर जाणार नाही हे बघा.

आणि एक धोका, जो प्रत्येक चालकाला तोंडपाठ हवा. मागे जड असलेली बोट वेगात असताना थ्रॉटल एकदम बंद करायचा नाही. बोट बसते, तिचीच लाट मागून येते आणि आउटबोर्डच्या खाचेतून सरळ आत शिरते. रायडर पडला की घाबरून हात मागे येतो, नेमकं तेव्हाच हे होतं. थ्रॉटल हळू उतरवा, बोट बसू दे, मग सावकाश वळा. पूर्ण वेगात गोल वळून परत आलात तर तुमच्याच लाटा पुढच्या फेरीत तुम्हाला आडव्या येतील. त्याच मार्गाने सरळ परत येणं हेच चांगल्या चालकाचं लक्षण.

बोटच बदलायची असेल तर

एवढं करूनही हवी तेवढी वेक येत नसेल, तर प्रश्न बोटीच्या तळाचा आहे. वॉटर-स्कीसाठी बनवलेल्या बोटी, ज्यांचं इंजिन मध्यभागी असतं, त्या मुळात कमीत कमी वेक उठावी म्हणूनच बनवलेल्या असतात. त्यांच्यावर वजन लादून वेकबोर्डची बोट होत नाही. खोल व्ही आकाराच्या तळाची, अठरा फुटी फायबरची आउटबोर्ड बोट आपल्याकडे सर्रास दिसते. लाटा कापायला उत्तम, पण हलकी. तिच्यात स्वच्छ, मध्यम वेक मिळते आणि शिकायला ती पुरेशी आहे. तिच्याकडून छातीएवढ्या वेकची अपेक्षा ठेवून तिला बुडवू नका. मोठी वेक हवी तर वीस-बावीस फुटांची, रुंद, इनबोर्ड व्ही-ड्राइव्ह बोट लागते: इंजिन बोटीच्या आत पण मागच्या बाजूला, पंखा तळाखाली, टाक्या आतच बसवलेल्या. तिचं रिकामं वजनच बहुतेक वेळा आपल्या छोट्या बोटीच्या दुप्पट असतं, आणि अर्धी वेक तिथेच मिळून जाते. दोरी न धरता वेकसर्फिंग करायचं असेल तर पंखा तळाखाली असलेली बोटच हवी. आउटबोर्डचा उघडा पंखा रायडरच्या पायापासून हाताच्या अंतरावर असतो, तिथे वेकसर्फिंग करायचंच नाही.

जुनी व्ही-ड्राइव्ह घेताना मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. या बोटी बहुतांशी गोड्या पाण्याच्या तलावांसाठी बनतात आणि त्यातल्या पुष्कळांत बाहेरचं पाणी थेट इंजिनात फिरतं. आपल्या खाऱ्या खाडीत तसं इंजिन आतून गंजून जातं. हीट एक्स्चेंजर असलेलं, बंद कूलिंगचं, म्हणजे खारं पाणी आत न फिरवणारं इंजिन आहे का, ते आधी विचारा. बॅलास्टचे पंपही बघा. आतलं रबरी इम्पेलर खाडीच्या गाळाने झिजतं आणि पाण्याशिवाय मिनिटभर फिरलं तरी जळतं. प्रत्येक फेरीनंतर टाक्या, पंप आणि इंजिन गोड्या पाण्याने धुवायची सोय तुमच्या धक्क्यावर आहे का, हेही तेव्हाच ठरवा.

मोठी वेक उठायला लागली की ती तुमच्यामागे काठापर्यंत जाते. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा ठाणे खाडीचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे ही बोट न्यायचीच नाही. बाकी ठिकाणीही जिथे परवानगी आहे तिथेच चालवा, आणि खारफुटीपासून, डोलजाळ्यांच्या खुंटांपासून आणि छोट्या होड्यांपासून भरपूर अंतर ठेवा. मासे पागायला बसलेला माणूस दिसला की आरपीएम उतरवून लाट बसू द्या, मगच पुढे जा. एक टनाचं जादा वजन घेऊन उठवलेली लाट त्याच्या होडीत शिरायला एकच फेरी पुरते.